मुंगी चावल्यासारखं होईल?



दवाखान्यात सुई टोचण्याआधी आपण मुलाला सांगतो, "काही नाही, मुंगी चावल्यासारखं होईल." ते किंचाळलं की चौघं मिळून धरतो आणि मग "शूर बाळ" म्हणून चॉकलेट देतो. यात कोणी दुष्ट नसतं. पण मुलाने दुखणं सोसायचंच असतं, हे सगळ्यांनीच गृहीत धरलेलं असतं. हे गृहीतकच तपासायला हवं.

ऐंशीच्या दशकापर्यंत नवजात बाळाला वेदना नीट जाणवत नाहीत, असं अनेक डॉक्टरही मानत. १९८५ मध्ये वॉशिंग्टनला जेफ्री लॉसन या अपुऱ्या दिवसांच्या बाळावर शस्त्रक्रिया झाली, ती वेदनाशामक न देता, फक्त हालचाल थांबवणारं औषध देऊन. हे कळल्यावर त्याच्या आईने, जिल लॉसन यांनी, जाहीरपणे जाब विचारला. इंदूरला वैद्यकीय शिक्षण घेतलेले डॉ. के. जे. एस. आनंद तेव्हा ऑक्सफर्डमध्ये हाच प्रश्न तपासत होते. नीट वेदनाशमन मिळालेल्या बाळांना शस्त्रक्रियेचा त्रास कमी होतो, हे त्यांनी १९८७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिलं. एक आई आणि परदेशी गेलेला एक संशोधक, दोघांच्या धडपडीने प्रथा बदलू लागली.

आजचे उपाय महागही नाहीत. टाचेतून रक्त घेताना बाळाला अंगावर पाजणं, सुईच्या तासभर आधी त्वचा बधिर करणारं मलम, आडवं दाबून धरण्याऐवजी आईच्या मांडीवर बसवणं. आणि ऑपरेशननंतर तापासारखीच वेदनाही मोजून कागदावर लिहिणं.

"पण मॉर्फिनची सवय लागेल!" ही भीती आपल्याला चांगलीच महागात पडली आहे. मध्य प्रदेश-राजस्थानात सरकारी परवान्याने अफू पिकते. तरीही १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या धाकाने भारतातल्या कित्येक रुग्णालयांतून मॉर्फिन दिसेनासं झालं. कायदा सैल व्हायला २०१४ उजाडलं. देखरेखीखाली योग्य मात्रेत दिलेलं औषध आणि व्यसन, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ओमानमध्ये आपली अडचण आणखी एक आहे, ती भाषेची. नर्स केरळची किंवा फिलिपिन्सची, डॉक्टर इजिप्तचे, आणि आपलं पोर सांगतं "ठणकतंय", "कळ येतेय", "चुरचुरतंय". तिन्हींचं भाषांतर 'पेन' एवढंच होतं, आणि नेमकं जे डॉक्टरांना कळायला हवं तेच गळून पडतं. बलुची, स्वाहिली किंवा जब्बाली बोलणाऱ्या ओमानी मुलांचंही वेगळं होत नसणार. म्हणजे ही मागणी केवळ आपली नाही.

इथे मोर्चे काढता येत नाहीत, परवानगीशिवाय निधीही जमवता येत नाही. पण विचारायला कोणाची परवानगी लागत नाही. मूल दाखल करताना तीन प्रश्न विचारा, शक्यतो लेखी: वेदना कशी मोजता? सुईआधी मलम मिळेल का? रात्री दुखलं तर औषधाचा निर्णय कोण घेईल? आपल्यातल्या डॉक्टर-नर्स मंडळींनी चेहऱ्यांच्या तक्त्यावर मराठी शब्द आणि त्यांचे इंग्रजी-अरबी अर्थ लिहून एक पान तयार करावं. इतर भाषकांनाही तसंच करायला सांगावं.

सहनशीलता हा मोठ्यांनी स्वतःसाठी निवडायचा गुण आहे. तीन वर्षांच्या मुलावर तो लादणं याला संस्कार म्हणत नाहीत.