ढिला करायचा, काढायचा नाही

मराठी ज्ञानभाषा का होत नाही, या विषयावरच्या परिसंवादांना मी बरीच वर्षे श्रोता म्हणून आणि काही वेळा वक्ता म्हणून हजेरी लावली आहे. तेथे हमखास निघणारा निष्कर्ष असा की, मराठीत परिभाषा नाही, आणि ती घडवण्यासाठी कोश हवेत. मीही हेच बोलत आलो. मात्र गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत दारात उभ्या असलेल्या जुन्या मारुती ८००चा टायमिंग बेल्ट स्वतःच्या हाताने बदलण्याचा उद्योग केला, आणि तेव्हापासून या निष्कर्षावरचा माझा विश्वास उडाला आहे. त्या दोन दिवसांत शब्दांची उणीव मला एकदाही जाणवली नाही. जाणवली ती वाक्याची.

बॉनेटखाली कधी न डोकावलेल्या वाचकांसाठी थोडा खुलासा. इंजिनात पिस्टन वरखाली होतात व त्यांच्या जोरावर खालचा क्रँकशाफ्ट फिरतो. वर कॅमशाफ्ट असतो. हवा-इंधन आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा, म्हणजे व्हॉल्व्ह, उघडणे हे त्याचे काम. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा बरोबर एक व्हावा लागतो. या दोघांना बांधून ठेवणारा रबरी, दातेरी पट्टा म्हणजे टायमिंग बेल्ट. तो मुळात मोटारीसाठी झालेला नव्हे. १९४०च्या दशकात अमेरिकेत शिवणयंत्रासाठी, वरची सुई आणि खालची बॉबिन यांचा मेळ राहावा म्हणून, असा पट्टा घडवला गेला. मोटारीच्या कॅमशाफ्टला तो १९६०च्या दशकाच्या आरंभी बव्हेरियातल्या ग्लास नावाच्या छोट्या कंपनीने लावला. साखळीपेक्षा स्वस्त, आणि मुका. हा मुकेपणाच घातक. झिजलेली साखळी खडखडून सांगते. पट्टा बहुधा काही न सांगता तुटतो. ज्या इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकाच जागेत आळीपाळीने येतात, तेथे पट्टा तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात आणि व्हॉल्व्ह वाकतात. म्हणून तो तुटण्याआधीच, ठरावीक किलोमीटरनंतर किंवा ठरावीक वर्षांनंतर, बदलायचा असतो. गाडी उभी असली तरी रबराचे वय वाढतेच. माझी गाडी बरीच वर्षे उभीच होती.

हे काम घरी करण्याला आपल्याकडे आर्थिक कारण नाही, हे आधीच कबूल केलेले बरे. इंग्लंडमध्ये मजुरी महाग, म्हणून तेथे १९६६पासून हेन्सच्या दुरुस्ती-पुस्तकांची मालिका घरोघरी गेली. कोल्हापुरात उद्यमनगरातले माझे मेस्त्री हेच काम अर्ध्या दिवसात, माझ्या एका व्याख्यानाच्या मानधनाहून कमी पैशांत करून देतात. तेव्हा ही हौस होती. रॉबर्ट पिर्सिगचे मोटारसायकलवरचे प्रसिद्ध पुस्तक (१९७४) वाचून आमच्या पिढीतल्या पुष्कळांना हाताला ग्रीस लागण्यात काही आध्यात्मिक आहे असे वाटू लागले. मलाही वाटले होते. ज्याला ते रोज संध्याकाळी घासून काढावे लागते त्याला तसे वाटत नाही. असो. मेस्त्री म्हणाले, “करा की सर, अडलं तर फोन लावा.”

समोर इंग्रजी मार्गदर्शिका होती. चाळीस वर्षे इंग्रजी वाचत आलेल्या माणसाला ती अवघड जाऊ नये. पहिलाच घोटाळा झाला तो ‘उजवीकडे’ या शब्दावर. एक बोल्ट उजवीकडे आहे असे लिहिले होते. मी गाडीच्या नाकासमोर उभा राहून माझ्या उजव्या हाताला पाऊण तास शोधला. मार्गदर्शिकेतली डावी-उजवी चालकाच्या आसनावर बसून ठरते, दुरुस्त करणाऱ्याच्या जागेवरून नव्हे. निवेदकाचे स्थान हा विषय मी वर्गात शिकवतो. मेस्त्रींना फोन लावला तर त्यांनी डावी-उजवी हे शब्दच वापरले नाहीत. “ड्रायव्हर साइडला बघा, क्लीनर साइडला न्हाई.” ट्रकवरून आलेली ही जोडी; माझ्या गाडीत क्लीनर कधी बसला नाही आणि बसणारही नाही. पण उभे कुठेही राहा, या शब्दांचा अर्थ हलत नाही.

दुसरा घोटाळा क्रियापदाचा. पट्ट्यावर ताण ठेवणारी एक छोटी पुली असते. तिचा बोल्ट सैल केला की ती सरकते आणि पट्टा सुटतो. मार्गदर्शिकेत सैल करण्याचा आणि काढण्याचा असे दोन वेगळे शब्द होते. मी ते पर्यायी शब्द म्हणून वाचले, कारण एकच शब्द दोनदा येऊ नये म्हणून लेखक तो बदलतो, अशी आम्हा साहित्यवाल्यांची समजूत असते. बोल्ट पुरता निघून हातात आला, पुली कलली आणि स्प्रिंग उडून गटारीच्या जाळीजवळ जाऊन पडली. मेस्त्रींचे वाक्य होते, “ढिला करायचा, काढायचा न्हाई.” चार शब्द. त्यात क्रिया आहे, तिची मर्यादा आहे, आणि माणूस हमखास काय चूक करील याचा अंदाज आहे.

तिसरी चूक मात्र निखळ माझी. क्रँकच्या दातेरी चक्रावर एक खूण असते, कॅमच्या चक्रावर दुसरी. दोन्ही आपापल्या नेमलेल्या खुणांशी जुळवून मग पट्टा चढवायचा. मी जुळवल्या, चढवला, ताण दिला. पान्याने क्रँक दोन फेरे फिरवून पाहिला (दोन का, ते वरच्या प्रमाणावरून कळेल, एकाच फेऱ्यानंतर कॅमची खूण नेमकी उलट्या टोकाला असते आणि नवशिक्याची पाचावर धारण बसते), तर कॅम एक दात मागे. ताणाच्या पुलीच्या विरुद्ध बाजूला पट्टा मी किंचित सैल ठेवला होता. ताण देताच ती सैलाई भरून काढण्यासाठी कॅमच फिरला. एका दाताची चूक राहिली असती तर गाडी कदाचित चालू झालीही असती, पण थरथरत आणि दमत. आमच्या क्षेत्रात असे एक-दोन दात चुकलेले सिद्धांत आयुष्यभर चालतात, हा विचार तेव्हा मनात आला. पण यंत्राचे रूपक करण्याची आमची खोड मला या लेखात टाळायची आहे.

मग मी ठरवले की या कामाचा गाभा मराठीत एका पानावर लिहून काढायचा. इथे खरी परीक्षा झाली. पहिला मसुदा विध्यर्थात: ‘बोल्ट सैल करावा, पट्टा काढावा.’ ही शासकीय परिपत्रकाची भाषा. कोणी, कधी, हे मोघम. करावा म्हणजे केला नाही तरी चालेल काय, अशीही शंका येते. दुसऱ्या मसुद्यात मराठीचे लाडके ऊनान्त रूप आले: ‘खुणा जुळवून, बोल्ट सैल करून, पुली सरकवून पट्टा काढा.’ वाचायला गोड, आणि कामाला धोकादायक. खुणा जुळल्या की नाही, हे थांबून पाहण्याची जागाच या वाक्यात उरत नाही. प्रत्येक ऊन पुढच्याकडे ढकलतो. स्वयंपाकात ही साखळी चालते, कारण फोडणीला थांबून चालत नाही. इथे प्रत्येक पायरीला पूर्णविराम हवा. तिसऱ्या मसुद्यात मी मेस्त्रींचे ‘-आयचा’ रूप घेऊन पाहिले. ते शेजारी उभे असताना उत्तम. कागदावर त्यातला आवाज निघून जातो. शेवटी साधा आज्ञार्थ उरला:

‘दोन्ही खुणा जुळल्या आहेत याची खात्री करा. ताणाच्या पुलीचा बोल्ट ढिला करा; काढू नका. जुना पट्टा काढा. आता कॅम किंवा क्रँक फिरवू नका. नवा पट्टा चढवताना ताणाच्या पुलीच्या विरुद्ध बाजूला तो काळजीपूर्वक ताठ ठेवा. पुली मोकळी सोडा, स्प्रिंगला ताण देऊ द्या. क्रँक दोन फेरे फिरवा. खुणा पुन्हा पाहा. जुळल्या असतील तरच बोल्ट आवळा.’

यातला एकही शब्द कोशात शोधावा लागला नाही. खूण, ताण, दात, फेरा, ढिला, आवळणे. जोडीला बोल्ट आणि पुली. आटे आणि गोटी-पाना हेही याच घरचे. हे शब्द पिढ्यानपिढ्या उद्यमनगरात आहेत. तरी हे नऊ-दहा ओळींचे गद्य लिहायला मला पट्टा बदलण्याहून जास्त वेळ लागला. असे गद्य मराठीत अजिबात नाही असेही नाही. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ (१९७०) वाटी-चमच्याच्या मापात हजारो स्वयंपाकघरांत रोज पडताळले गेले. मराठी गद्याच्या कोणत्या इतिहासात त्याला शैलीचा नमुना म्हणून पान दिले आहे? ज्या ‘किर्लोस्कर’ मासिकाशिवाय आमचा वाङ्मयेतिहास पुरा होत नाही, ते १९२०मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ या नावाने नांगराच्या कारखान्यातून निघाले. आम्ही मासिक उचलले आणि नांगर तिथेच ठेवला.

माझे म्हणणे एवढेच आहे. उपयोजित मराठीच्या अभ्यासपत्रिकेत विद्यार्थी अर्ज लिहितो, जाहिरात लिहितो, बातमीचा अनुवाद करतो. त्याला एक काम दुसऱ्याकडून करून घेणारा मजकूर लिहायला लावावे, आणि गुण परीक्षकाने न देता तो मजकूर वाचून काम करणाऱ्याच्या फळावर द्यावेत. मराठी विभाग म्हणजे आयटीआय नव्हे, हा आक्षेप मी ऐकलेला आहे, पूर्वी घेतलेलाही आहे. पण ज्यांच्याकडे शब्द आहेत ते लिहीत नाहीत, आणि लिहिणाऱ्यांना ते शब्द हलके वाटतात. या दोघांमध्ये उभे राहण्याचे काम भाषेच्या विभागाने करायचे नाही तर कोणी? मेस्त्रींचा मुलगा आज हिंदी चित्रफिती पाहून शिकतो. नव्या गाड्यांत पुष्कळदा पट्ट्याच्या जागी साखळी असते, विजेच्या गाड्यांत दोन्ही नाहीत. त्या कामांचे मराठी वाक्य कोणी लिहिलेले नसेल, तर तो हिंदीतच शिकणार.

ते पान मी मेस्त्रींना दाखवायला घेऊन गेलो. चष्मा लावून त्यांनी ते दोनदा वाचले. ‘काळजीपूर्वक’ या शब्दावर बोट ठेवून म्हणाले, “हे कशाला? काळजी म्हंजे काय करायचं, ते लिव्हा.” तो शब्द मी खोडला. मग त्यांचे बोट खाली सरकून ‘क्रँक दोन फेरे फिरवा’ या ओळीवर थांबले.

“कशानं?”

मला प्रश्न कळला नाही.

“फिरवा म्हंजे कशानं फिरवायचं, सर? एखादं पोरगं सेल्फ मारंल की.”

‘हाताने, पान्याने’ हे शब्द मी लिहिलेच नव्हते.