दिवेकरांची जुनी मशीद

या अंकाची मराठी आवृत्ती सिद्ध करीत असताना एका साध्या शब्दापाशी आमची लेखणी अडली. मूळ मजकुरात यहुदी लोकांच्या प्रार्थनास्थळाचा, म्हणजे सिनेगॉगचा, उल्लेख होता. ‘यहुदी प्रार्थनामंदिर’ हा रूढ प्रतिशब्द चुकीचा नाही. परंतु ज्यांची मातृभाषाच मराठी आहे असे यहुदी कोकणात पिढ्यान् पिढ्या नांदत आले आहेत. ते स्वतः या वास्तूला काय म्हणत? ते म्हणत ‘मशीद’. येथे लखनौच्या छावणीत शेजारच्या मेजावरील हिंदी सहकाऱ्यांना हे सांगितले, तेव्हा त्यांना ती आमचीच चूक वाटली. म्हणून या खेपेस त्या शब्दामागील वास्तूचीच हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

बेने इस्रायल समाजाची परंपरा अशी की, त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागनजीक नवगावच्या किनाऱ्याशी फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया एवढीच माणसे वाचली. त्यांच्या वंशजांनी तेलाचे घाणे चालविले. शनिवार हा त्यांचा विश्रामाचा दिवस. त्या दिवशी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. दिव्याचे ते दिवेकर, पेणचे ते पेणकर, रोह्याचे ते रोहेकर झाले. बोली मराठी, स्त्रियांचा वेष मराठमोळा. वल्हांडणाच्या सणाची ‘हगादा’ ही पोथी हिब्रूबरोबर मराठीत मुंबईस १८४६ मध्ये छापली गेली. मात्र अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत या समाजाला स्वतःचे प्रार्थनामंदिर नव्हते. सण-संस्कार घरोघरी होत.

ही उणीव भरून काढली ती एका सैनिकाने. सामाजी हसाजी दिवेकर, हिब्रू नाव सॅम्युएल इझिकेल, हे कंपनी सरकारच्या फौजेतील देशी अधिकारी. दुसऱ्या म्हैसूर युद्धात (१७८०-८४) ते टिपू सुलतानाच्या सैन्याच्या हाती सापडले. पुढची कथा समाजाने मुखोद्गत जपली आहे. कैद्यांच्या जिवावर बेतले असता सुलतानाच्या मातोश्रींनी त्यांची जात विचारली. ‘बनी इस्राईल’ हे उत्तर ऐकताच त्या म्हणाल्या, हे नाव तर कुराणात आहे; या माणसांना मारू नये. इतिहासाच्या काटेकोर कसोटीला ही कथा कितपत उतरेल हा प्रश्न निराळा, पण सुटका झाली तर मुंबईत देवाचे घर बांधीन हा सामाजींचा नवस मात्र प्रत्यक्षात उतरला. १७९६ मध्ये मांडवी भागात ‘शाआर हारहमीम’, म्हणजे ‘दयेचे द्वार’, उभे राहिले. मुंबईतील हे पहिले सिनेगॉग. दुसऱ्याच वर्षी सामाजी कोचीनला गेले आणि तेथेच निवर्तले. धर्मग्रंथाची गुंडाळी आणण्यासाठी ते गेले होते, असे सांगतात.

काही दशकांनी जवळच दुसरे सिनेगॉग झाले, ते ‘नवी मशीद’ ठरले आणि सामाजींचे ‘जुनी मशीद’. १८६० मध्ये जुनी मशीद त्याच रस्त्यावर आजच्या जागी आली. त्या रस्त्याला सॅम्युएल स्ट्रीट हे नाव सामाजींवरूनच मिळाले. मशीद बंदर स्थानकाच्या नावाचा उगमही याच वास्तूत आहे, असे पुष्कळ जण सांगतात. आणि पुण्याच्या लष्कर भागात डेव्हिड ससून यांच्या द्रव्यसाहाय्याने १८६७ मध्ये पुरे झालेले विटांचे सिनेगॉग पुणेकरांच्या तोंडी ‘लाल देऊळ’ झाले! एकाच प्रकारच्या वास्तूला मराठीने एके ठिकाणी मशीद म्हटले, दुसरीकडे देऊळ. कोशकार गोंधळेल, शेजारीपाजारी कधी गोंधळले नाहीत.

आता या वास्तू टिकवायच्या कशा? दगडविटांचे काम द्रव्य आणि जाणकार मिळाले तर होते. मुंबईच्या कोट विभागातील केनेसेथ एलियाहू हे १८८४ चे सिनेगॉग अलीकडे मोठ्या निगुतीने पूर्वस्थितीस आणले गेले आणि त्या कामास २०१९ मध्ये युनेस्कोचा आशिया-प्रशांत विभागाचा वारसा-जतन पुरस्कार लाभला. परंतु सामुदायिक प्रार्थनेसाठी तेरा वर्षांवरील दहा पुरुष उपस्थित असावे लागतात. या दहांना ‘मिन्यान’ म्हणतात. ते कोणता कारागीर घडविणार? १९४८ मध्ये इस्रायल राष्ट्र स्थापन झाल्यावर कुटुंबेच्या कुटुंबे तिकडे गेली. १९५१ च्या सुमारास देशात यहुदी २५ हजारांच्या घरात होते. २०११ च्या गणनेत ते पाच हजारांहूनही कमी भरले. अलिबाग, पनवेल, रेवदंडा येथील सिनेगॉगे एकोणिसाव्या शतकातली. अशा गावी दहा माणसे जमविणे हेच जतनाचे पहिले काम होऊन बसते. सणासुदीला मुंबई-ठाण्याहून माणसे येतात, तेव्हा दिवे लागतात.

तोराची गुंडाळी चर्मपत्रावर हाताने लिहिलेली असते. तिच्यातले एक अक्षर जरी पुसले गेले तरी ते दुरुस्त होईपर्यंत ती वाचनास निषिद्ध; आणि अगदी जीर्ण झालेली गुंडाळी फेकून न देता दफन करतात. अक्षराची एवढी काळजी वाहणाऱ्या या समाजाची मराठी अक्षरे मात्र आम्हां सर्वांच्या हयगयीमुळे नाहीशी होत आहेत: जन्म-विवाहाच्या वह्या, कीर्तनांची पुस्तके, थडग्यांवरचे मराठी लेख. वास्तू पडली तर निदान ओरड होते. वह्या गुपचूप वाळवीच्या पोटात जातात.

आमच्या वाचकांपैकी कोणाच्या घरी किंवा शेजारी असे एखादे हिब्रू-मराठी पुस्तक असेल तर ते रद्दीत घालू नये. ओल येणाऱ्या भिंतीपासून दूर, आडवे ठेवावे. फाटक्या पानांना चिकटपट्टी लावू नये, प्लॅस्टिकचे आवरण तर मुळीच चढवू नये. प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्यावे आणि पुस्तक कोणत्या गावच्या कोणत्या घरातले, हे वेगळ्या कागदावर लिहून त्यासोबत ठेवावे. त्या कागदावर घरच्या माणसांचा शब्द ‘मशीद’ असेल, तर तो तसाच लिहावा.