मागणी नसलेली घोषणा

जालन्याला घोषणेचं बाळकडू जुनंच. घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं गाव. दारोदारच्या भिक्षेला त्यांच्या संप्रदायाने दिलेला ‘जय जय रघुवीर समर्थ’ हा पुकारा आजही चालतो. शहराचं ‘जालना, सोने का पालना’ मात्र नुसतं यमकावर तगलंय; बियाणं आणि स्टील जोरात असलं की म्हणायचं अभिमानाने, नळ कोरडे पडले की टोमण्याने. पण या जिल्ह्यातून अलीकडे गाजलेली घोषणा वेगळ्या जातीची. ‘एक मराठा, लाख मराठा’ राज्यभर पोचली २०१६ मध्ये, कोपर्डीतल्या मुलीवरच्या अत्याचार-हत्येनंतरच्या मोर्चांतून, आणि ते मोर्चे होते मूक! लाखो माणसं ओठ मिटून चालली; घोषणा होती टी-शर्टवर, फलकांवर, गाड्यांच्या काचांवर. तिला कंठ फुटला तो पुढे. १ सप्टेंबर २०२३ ला अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मनोज जरांगे यांच्या मराठा आरक्षणासाठीच्या उपोषणस्थळी लाठीमार झाला आणि मग तीच आरोळी गावोगाव उठली. गंमत अशी, की या चार शब्दांत मागणीच नाही. आरक्षण नाही, कुणबी दाखला नाही, सरकारही नाही. आहे ती फक्त मोजदाद, तीही एकट्या माणसाला धीर देणारी. म्हणूनच अध्यादेश निघोत, समित्या बसोत, ती शिळी होत नाही. मागणी छापलेले फलक दर वेळी नवे करावे लागतात. मतांच्या हंगामात अनेक पक्ष ही घोषणा बिनधोक देतात, तेही तिच्यात मागणी नसल्यामुळेच.