अर्धा म्हणजे नक्की किती?

आमच्या विंगमध्ये मला 'कॉन्व्हेंट' म्हणतात. फर्स्ट इयरला मेसच्या मामांनी "एकोणसत्तर झाले" म्हटलं आणि मी मोजून एकोणऐंशी दिले, एवढंच कारण! तेव्हापासून मी मराठी आहे की नाही याचा निकाल दर आठवड्याला कॉरिडॉरमध्ये लागतो. घरी आम्ही मराठीच बोलतो, पण ते कोण ऐकतो? असो. मला माझ्याबद्दल लिहायचंच नाहीये. लिहायचंय ते रुई हाचिमुराबद्दल.

रुई म्हणजे मारुतीला वाहतात ती नव्हे. जपानी लिपीत त्याचं नाव ज्या अक्षराने लिहितात त्याचा अर्थ बेसबॉलमधला 'बेस'. पठ्ठ्या लहानपणी खेळायचाही बेसबॉलच. जन्म १९९८ चा, तोयामा नावाच्या शहरातला. आई जपानी, वडील आफ्रिकेतल्या बेनिन देशाचे. अशा मुलांना जपानमध्ये 'हाफू' म्हणतात. इंग्रजीतला 'हाफ' तिकडे जाऊन हाफू झाला. तिथलेच काही लोक म्हणतात, हाफू कशाला, 'डबल' म्हणा. मला हे फार पटतं. दोन भाषा, दोन आजोळं असलेला मुलगा अर्धा कसा? आपल्याकडे तर 'अर्धवट' ही सरळ शिवीच आहे.

बास्केटबॉल त्याने तेराव्या वर्षाच्या आसपास हातात घेतला. २०१४ साली दुबईला सतरा वर्षांखालची जागतिक स्पर्धा झाली, तिथे जपानचा संघ चौदावा आला. पण सरासरी सगळ्यात जास्त पॉइंट कोणाचे? ह्याचे, मॅचला २२.६! मग अमेरिकेतल्या गोंझागा विद्यापीठाने त्याला उचललं.

आता इथे लक्ष द्या, कारण हे आपल्या हॉस्टेलचं आहे. २०१६ मध्ये तो तिथे गेला तेव्हा त्याला धड इंग्रजी येत नव्हतं. कोच काय ओरडतोय ते कळायचं नाही, वर वर्गातला अभ्यास. पहिल्या सीझनमध्ये तो मॅचला जेमतेम पाच मिनिटं कोर्टवर असायचा. त्याच्या कॉलेजची टीम त्या वर्षी फायनलला गेली आणि हा बहुतेक वेळ बाकावर! तिसऱ्या वर्षी त्याची सरासरी होती १९.७ पॉइंट.

माझा रूम पार्टनर मराठी मीडियमचा. थर्मो माझ्यापेक्षा त्याला चांगलं कळतं, सबमिशनच्या आदल्या रात्री मी त्याच्याकडूनच शिकतो. पण व्हायवाला तो गप्प बसतो आणि मार्क मला मिळतात. मला जे मिळतात त्यातले निम्मे माझ्या शाळेचे आहेत, माझे नाहीत. हे मी इथे लिहून ठेवतो. एखाद्या मुलाला भाषेसाठी वर्षभर बाकावर थांबू देणारा कोच आपल्याकडे किती जणांना मिळतो?

जून २०१९ मध्ये वॉशिंग्टन विझर्ड्सने त्याला ड्राफ्टमध्ये नवव्या नंबरवर घेतलं. पहिल्या फेरीत निवडला गेलेला तो पहिला जपानी खेळाडू. (आपला सतनाम सिंग २०१५ मध्ये दुसऱ्या फेरीत, बावन्नावा होता.) टोकियो ऑलिंपिकला, म्हणजे २०२१ मध्ये, उद्घाटनाच्या दिवशी कुस्तीपटू युई सुसाकीबरोबर जपानचा झेंडा याच्या हातात होता. सगळं जग टाळ्या वाजवत होतं. आणि जेमतेम दोन महिने आधी, मे महिन्यात, त्याच्या धाकट्या भावाने स्वतःला आलेला एक घाणेरडा वर्णद्वेषी मेसेज ट्विटरवर सगळ्यांसमोर ठेवला होता. त्यावर रुई म्हणाला, असले मेसेज जवळजवळ रोज येतात.

रोज! झेंडा धरायला पूर्ण जपानी आणि मेसेज पाठवताना अर्धा, हा हिशोब मला समजत नाही.

पुढच्या सीझनला तो सुरुवातीला खेळलाच नाही. कारण वैयक्तिक, एवढंच सांगितलं गेलं. जानेवारी २०२२ मध्ये तो परत कोर्टवर आला. वर्षभराने लेकर्सकडे गेला आणि २०२३ च्या प्लेऑफच्या पहिल्याच मॅचमध्ये मेम्फिसविरुद्ध बाकावरून उठून २९ पॉइंट मारले.

आता वादाची गोष्ट. पॅरिस ऑलिंपिकमध्ये, २०२४ ला, जपानने फ्रान्सला त्यांच्याच घरात रडकुंडीला आणलं होतं. रुईचे २४ पॉइंट झालेले, आणि चौथ्या क्वार्टरमध्ये दुसऱ्या अनस्पोर्ट्समनलाइक फाऊलवर तो बाहेर! त्यानंतरही शेवटच्या काही सेकंदांत जपान चारने पुढे होतं, ते फ्रान्सने एका थ्री-पॉइंटर आणि फ्री थ्रोमध्ये भरून काढलं. ओव्हरटाइममध्ये ९४–९० ने हरले. माझ्या मते तो फाऊल कडक दिला, पण डोक्यावर एक असताना त्याने जपायला हवं होतं. पोटरीच्या दुखापतीमुळे पुढची मॅच तो खेळलाच नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो जपानच्या बास्केटबॉल संघटनेवर उघड बोलला, की तिथे खेळाडूंच्या आधी पैशाचा विचार होतो. आमच्या विंगचं यावर एकमत आहे: अमेरिकेत गेला, मोठा झाला, डोक्यात हवा गेली. मी म्हणतो, घरातला माणूसच घरातल्या कारभारावर भांडतो. पाहुणा चहा पिऊन निघून जातो. त्याला सगळं नीट व्हायला हवंय म्हणून तर तो चिडला ना?

आणि 'अमेरिकेचा झाला' हे आपण कुठल्या तोंडाने म्हणतो? एप्रिल २०१५ मध्ये सिम भुल्लर सॅक्रामेंटोकडून उतरला तेव्हा 'भारतीय वंशाचा पहिला एनबीए खेळाडू' म्हणून आपण नाचलो होतो. तो तर जन्मलाच टोरंटोत. त्याला पूर्ण भारतीय धरलं, आणि तोयामात जन्मून तिथेच वाढलेल्या पोराला मात्र अर्धा जपानी म्हणायचं?

हा मुद्दा मी विंगमध्ये मांडला. उत्तर आलं, "कॉन्व्हेंट, तू आधी एकोणनव्वद म्हणजे किती ते सांग."

एटी नाइन. दोन वेळा बोटांवर मोजून बघितलं.