नवा कॅमेरा कशासाठी?

‘आपला कॅमेरा आता जुना झाला’ हे विधान गेल्या काही महिन्यांत आमच्या मराठी विभागाच्या बैठकांत इतक्या वेळा उच्चारले गेले आहे, की ते विधान आहे, त्याला पुरावा लागतो, याचाच विसर पडला आहे. जुन्या नियतकालिकांची आणि दुर्मिळ पुस्तकांची छायाचित्रे घेऊन ती जतन करण्याचे काम विभाग ज्या कॅमेऱ्यावर करतो तो निकॉनचा डी ५३०० आहे. २०१३ साली बाजारात आलेला, चोवीस मेगापिक्सेलचा. त्याच्या जागी पंचेचाळीस मेगापिक्सेलचा, मोठ्या सेन्सरचा, मिररलेस कॅमेरा घ्यावा असा प्रस्ताव आहे. आमचा या प्रस्तावाला विरोध आहे, आणि हा विरोध ‘जुने ते सोने’ या जातीचा नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे. यंत्राविषयी आम्हांला भक्तिभाव नाही, तसा तो त्याच्या जुनेपणाविषयीही नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे : या कॅमेऱ्याला न जमलेले कोणते छायाचित्र नवा कॅमेरा घेणार आहे? ते पान आम्हांला दाखवा.

प्रस्तावाच्या समर्थकांचा पहिला आधार मेगापिक्सेलचा. पंचेचाळीस हा आकडा चोवीसच्या जवळजवळ दुप्पट, म्हणून स्पष्टताही दुप्पट, असा हिशेब मांडला जातो. साहित्याच्या अध्यापकांना गणित येऊ नये असा काही दंडक नाही. मेगापिक्सेल हे क्षेत्रफळाचे माप आहे, अक्षराच्या काठाची स्पष्टता मात्र लांबीवर ठरते. चोवीसचे पंचेचाळीस केल्याने लांबीच्या एका इंचात मावणारे बिंदू सुमारे १.३७ पट होतात, दुप्पट नव्हेत. आता प्रत्यक्ष पुस्तक घेऊ. साडेपाच बाय साडेआठ इंचांच्या डेमी आकाराच्या पुस्तकाची समोरासमोरची दोन पाने उघडली तर अकरा बाय साडेआठ इंचांचा आयत होतो. ६००० बाय ४००० बिंदूंच्या चौकटीत तो बसवला, तर कडेला मोकळी जागा सोडूनही इंचाला चारशेहून अधिक बिंदू मिळतात. छापील मजकुराच्या जतनासाठी तीनशे ते चारशे बिंदू पुरेसे मानण्याचा प्रघात आहे. म्हणजे ज्या कामासाठी कॅमेरा हवा, त्या कामापुरता तो आजही अपुरा नाही.

एका ठिकाणी तो अपुरा पडतो, हेही सांगितले पाहिजे. मोठ्या आकाराचे वृत्तपत्र, समजा पंधरा बाय बावीस इंचांचे पान, एकाच चौकटीत घ्यायचे तर इंचाला साधारण २६५ बिंदूच हाती लागतात, आणि बारीक टायपातल्या जाहिराती वाचताना डोळे ताणावे लागतात. नव्या कॅमेऱ्यात हाच आकडा साडेतीनशेच्या पुढे जाईल. पण वृत्तपत्राचे पान वरचे अर्धे आणि खालचे अर्धे असे दोन वेळा टिपले, तर याच जुन्या कॅमेऱ्यात साडेतीनशेहून अधिक बिंदू मिळतात. दोन चित्रे जोडण्याची आज्ञावली फुकट उपलब्ध आहे. श्रम दुप्पट होतात, हे खरे. परंतु विभागाकडे आजवर आलेल्या सामग्रीत पुस्तके आणि मासिकेच प्रामुख्याने आहेत. पाहुणा वर्षातून दोनदा येतो म्हणून कुणी घर बदलत नाही.

चित्र अस्पष्ट येण्याची खरी कारणे वेगळी आहेत, आणि त्यांची चर्चा बैठकीत होत नाही, कारण त्यांत मिरवण्यासारखे काही नसते. कॅमेऱ्याबरोबर आलेले १८-५५ चे भिंग घरगुती समारंभाला उत्तम, पण सपाट पान टिपताना कोपऱ्यांतली अक्षरे मऊ पडतात. त्याऐवजी जवळचे टिपण्यासाठी घडवलेले चाळीस मिलिमीटरचे मॅक्रो भिंग वापरले, छिद्र एफ ८ च्या आसपास ठेवले, आयएसओ शंभरावर आणले आणि बटण हाताने न दाबता दुरून चालवले, तर त्याच कॅमेऱ्यातून निघालेले चित्र ओळखू येणार नाही. कॅमेरा पानाला समांतर आहे की नाही हे पाहण्याची तर जुनी, बिनपैशाची युक्ती आहे. पानाच्या जागी छोटासा सपाट आरसा ठेवावा आणि भिंगाचे प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्यभागी येईपर्यंत कॅमेरा हलवावा. दिवे दोन असावेत, दोन्ही बाजूंनी, पंचेचाळीस अंशांच्या आसपास. छताचा ट्यूबलाइट बंद करावा. यांतले काहीही न करता पंचेचाळीस मेगापिक्सेल घेतले, तर एरवी चोवीस मेगापिक्सेलमध्ये हललेले अक्षर पंचेचाळीसमध्ये हललेले दिसेल, एवढाच लाभ.

दुसरा आधार काळाचा. आरशाचे कॅमेरे आता इतिहासजमा होत आहेत, २०२० नंतर निकॉन आणि कॅनन या दोन्ही कंपन्यांनी आपला भर मिररलेसवर दिला आहे, तेव्हा आपणच मागे का राहावे? ‘मागे राहणे’ हा शब्दप्रयोग आम्हांला विशेष उद्बोधक वाटला. ज्यांनी वर्षानुवर्षे वर्गात नवकाव्य आणि नवकथा शिकवताना विद्यार्थ्यांना बजावले, की नवता म्हणजे नुसते अलीकडचे असणे नव्हे, नवे ते, ज्याने अनुभवाकडे पाहण्याची दृष्टीच बदलते, तेच प्राध्यापक यंत्राच्या बाबतीत मात्र प्रकाशनवर्षावरून गुणवत्ता ठरवू लागले आहेत. उद्या एखाद्या विद्यार्थ्याने मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ १९४७ सालच्या म्हणून जुन्या झाल्या असे उत्तरपत्रिकेत लिहिले, तर आपण त्याला कोणत्या तोंडाने गुण कापणार आहोत?

‘अपग्रेड’ हा शब्दही तपासण्याजोगा आहे. मराठीत डागडुजी आहे, दुरुस्ती आहे, नूतनीकरण आहे, जीर्णोद्धार आहे. या सर्व शब्दांत जुनी वस्तू शिल्लक राहते आणि तिच्यावर काहीतरी संस्कार होतो. ‘अपग्रेड’मध्ये जुनी वस्तू कपाटात जाते. वस्तू बदलते, पण श्रेणी चढल्याची भावना मात्र घेणाऱ्याला मिळते. या शब्दाला मराठी पर्याय रूढ झाला नाही, याचे आम्हांला दुःख नाही. तो ज्या व्यवहारातून आला, तो व्यवहारच मुळात विक्रेत्याचा आहे, वापरणाऱ्याचा नव्हे.

आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी येथे दादासाहेब फाळक्यांचा दाखला दिला. विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ साली लंडनला जाणारा आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन येणारा माणूस जर तुमच्यासारखा हिशेबी असता, तर १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ निघाला असता का, असा त्यांचा सवाल. दाखला चांगला आहे, पण तो आमच्या बाजूचा आहे. फाळक्यांकडे चलच्चित्राचा कॅमेरा जुना नव्हता, तो नव्हताच. आणि यंत्र हाती आल्यावर त्यांनी आधी काय केले? कुंडीत वाटाण्याचे बी पेरून, रोज थोडे थोडे टिपत, त्याच्या अंकुराची वाढ पडद्यावर आणली आणि तिच्या बळावर भांडवल उभे केले. यंत्रापेक्षा तो महिनाभराचा संयम दुर्मिळ आहे. आमच्या विभागात यंत्र आहे, वाटाणा अजून पेरायचा आहे.

तरुण सहकाऱ्यांचा आक्षेप अगदी उलट दिशेने येतो. कॅमेराच कशाला, आता फोनमध्ये पन्नास मेगापिक्सेल असतात, कागद टिपण्याची अॅप्स असतात, असे ते म्हणतात. ग्रंथालयात बसून स्वतःपुरते टिपण घ्यायला फोनसारखे साधन नाही, आम्हीही ते वापरतो. पण जतनाची गोष्ट वेगळी. ही अॅप्स पान ‘स्वच्छ’ करतात. कागदाचा पिवळेपणा घालवतात, पार्श्वभूमी पांढरीशुभ्र करतात, अक्षरे काळीकुट्ट करतात, आणि या सफाईत समासातली पेन्सिलीची फिकट टिपणे, मालकाची पुसट सही, वाचनालयाचा उडालेला शिक्का हे सगळे मळ समजून पुसले जाते. कुणा अनाम वाचकाने शंभर वर्षांपूर्वी एखाद्या परिच्छेदाशेजारी काढलेले प्रश्नचिन्ह हा वाङ्मयेतिहासाचा पुरावा आहे. तो पुसण्याचा अधिकार अॅपला कुणी दिला?

कागद थांबणार नाही, हे मात्र कुणी आम्हांला सांगण्याची गरज नाही. पेशवाईतल्या जुन्नरी किंवा दौलताबादी हातकागदावरची पोथी आजही निर्धास्त उलटता येते. मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लाकडाच्या लगद्याचा कागद आला आणि त्यातल्या आम्लाने तो आतून जळत राहिला. १९२०च्या आसपासची कितीतरी पुस्तके उघडताच कडेने पापडासारखी तुटतात. त्यांना पूर्ण सपाट उघडण्याचा आग्रह धरला तर पाठ मोडते. त्यांच्यासाठी नव्वद-शंभर अंशांत उघडलेला लाकडी आधार लागतो, जो गावातला कोणताही सुतार करून देईल. दरपत्रके मागवणे, खरेदी समिती, मग नव्या कॅमेऱ्याला साजेशी भिंगे, किंवा जुनी भिंगे जोडण्याचा अडॅप्टर, नव्या बॅटऱ्या, दुप्पट जड झालेल्या फाइलींसाठी अधिक साठवण, या सगळ्यात जाणारे महिने कागदाच्या आयुष्यातून वजा होतात.

आता आमच्या मते जो खरा प्रश्न आहे, तो. टिपलेल्या चित्राला कॅमेरा ‘डीएससी ०४५७’ असे नाव देतो. क्रमांक चार आकडी असतो. ९९९९ झाले की पुन्हा ०००१ पासून सुरुवात. दहा हजार चित्रांनंतर एकाच नावाची दोन पाने असतात, आणि त्यांतले कोणते १८६७ साली सुरू झालेल्या ‘विविधज्ञानविस्तारा’चे आणि कोणते १८७४ साली निघालेल्या ‘निबंधमाले’चे, हे नावावरून कळत नाही. जगातला सर्वांत महाग कॅमेराही ते सांगणार नाही. नियतकालिकाचे नाव, वर्ष, अंक, पृष्ठ, मूळ प्रत कुणाकडची, कोणती पाने गहाळ, ही नोंद माणसाने बसून करायची असते. डिजिटल ग्रंथसंग्रहांतून मराठी पुस्तकांची नावे रोमन लिपीत कशी मोडतोड होऊन बसली आहेत, हे शोध घेणाऱ्या प्रत्येक संशोधकाला ठाऊक आहे. पुस्तक तेथे असते, पण सापडत नाही. न सापडणारे पुस्तक आणि नसलेले पुस्तक यांत वाचकाच्या दृष्टीने काही अंतर नाही. वि. का. राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड काढले, तेव्हा त्यांच्या हाती कॅमेरा नव्हता, पण कागद कुठून आला याची विचारपूस होती. आपल्या हाती कॅमेरा आहे आणि विचारपूस नाही.

हे काम कंटाळवाणे आहे, त्याचे उद्घाटन होत नाही, त्याच्यासमोर उभे राहून छायाचित्र काढून घेता येत नाही. नव्या कॅमेऱ्यासोबत ते काढून घेता येते. प्रस्तावामागचा उत्साह आम्ही याहून वेगळ्या कारणाने समजू शकलेलो नाही.

नव्या कॅमेऱ्याच्या बाजूने एकच सबळ मुद्दा आहे, आणि तो प्रस्तावात कुठेच आलेला नाही, म्हणून आम्हीच मांडतो. शटर झिजते. डी ५३००च्या शटरची चाचणी एक लाख उघडझापांची आहे. तीनशे पानांचे पुस्तक समोरासमोरची पाने धरून दीडशे उघडझापांत होते, म्हणजे सुमारे साडेसहाशे पुस्तके. पाने एकेक टिपावी लागली तर त्याच्या निम्मी. मिररलेस कॅमेऱ्यातले इलेक्ट्रॉनिक शटर झिजत नाही, आणि स्थिर पान स्थिर दिव्यांखाली टिपायला ते सोयीचेही आहे, फक्त दिवे लुकलुकणारे नसावेत. शटर तुटेल त्या दिवशी आम्ही स्वतः प्रस्तावावर सही करू, आणि त्या वेळीही पंचेचाळीस नव्हे, चोवीसचाच मागू.

तोवर आमची मागणी पुढीलप्रमाणे बैठकीसमोर आहे. एक मॅक्रो भिंग, कॅमेरा उभा धरणारा स्टँड, दोन दिवे, सुताराकडून पुस्तकाचा आधार, वेगवेगळ्या इमारतींत ठेवायच्या दोन हार्ड डिस्क, आणि उरलेल्या सगळ्या रकमेतून नोंदी करणाऱ्या दोन पदव्युत्तर विद्यार्थ्यांना वर्षभर तासाप्रमाणे मानधन. यावर मिळालेले उत्तर असे, की अनुदान उपकरणांसाठी आहे, मानधनासाठी नाही, आणि ते ३१ मार्चच्या आत खर्च न झाल्यास परत जाईल. शीर्ष बदलून मिळावे म्हणून आम्ही अर्ज केला आहे. तो नाकारला गेला, तर उपकरणांपुरते घेऊन बाकीची रक्कम परत जाऊ द्यावी, असे आमचे मत आहे आणि ते इतिवृत्तात नोंदवावे, अशी विनंतीही आम्ही केली आहे.