काशीच्या गंगेला खालची धोका पातळी का नाही?

वाराणसीला राजघाटापाशी केंद्रीय जल आयोग गंगेची पातळी मोजतो. इशारा पातळी ७०.२६२ मीटर, धोका पातळी ७१.२६२ मीटर. पावसाळ्यात हे आकडे रोज वर्तमानपत्रांत झळकतात. मात्र पाणी किती उतरले म्हणजे नदीच धोक्यात आली, हे सांगणारा आकडा या शहरासाठी ठरलेलाच नाही. पूर ओसरला, देवदिवाळीचे दिवे विझले, की प्रशासनाची चिंताही ओसरते. वास्तविक नदीच्या कसोटीचा काळ तेव्हाच सुरू होतो.

९ ऑक्टोबर २०१८ रोजी केंद्र सरकारने गंगेच्या किमान पर्यावरणीय प्रवाहाची अधिसूचना काढली. देवप्रयाग ते हरिद्वार या टप्प्यात नोव्हेंबर ते मार्च या काळात मासिक सरासरी प्रवाहाच्या २० टक्के पाणी नदीत राहिले पाहिजे, असे तीत म्हटले आहे. ऑक्टोबर ते मे या काळात हरिद्वारच्या भीमगोडा बंधाऱ्याखाली ३६ घनमीटर प्रतिसेकंद आणि बिजनौर, नरोरा व कानपूर येथे प्रत्येकी २४ घनमीटर प्रतिसेकंद हे किमान प्रमाण ठरले. अधिसूचनेची हद्द उन्नावला संपते. प्रयागराज, मिर्झापूर, वाराणसी तिच्या बाहेर राहिले.

हे आकडे तरी किती उदार आहेत? हरिद्वारहून निघणारा, १८५४ साली सुरू झालेला गंगा कालवा आज सुमारे १०,५०० क्युसेक, म्हणजे जवळपास ३०० घनमीटर प्रतिसेकंद पाणी वाहून नेऊ शकतो. कालव्याची क्षमता ३००, नदीचा हक्क ३६! दसरा ते दिवाळी कालवा दुरुस्तीसाठी बंद असतो. त्यानंतर रब्बीची मागणी सुरू होते आणि नदी पुन्हा रांगेत शेवटी उभी राहते.

धरणांमुळे हिवाळी प्रवाह उलट वाढतो, असा युक्तिवाद केला जातो. त्यात अर्धे सत्य आहे. २६०.५ मीटर उंचीचे टिहरी धरण पावसाळ्यात भरते आणि पुढच्या कोरड्या महिन्यांत रिकामे होत जाते. परंतु ते पाणी विजेच्या मागणीप्रमाणे सुटते आणि मैदानात उतरताच हरिद्वार, बिजनौर, नरोरा येथे कालव्यांत वळते. धरणातून सुटलेले पाणी आणि वाराणसीला पोहोचलेले पाणी या दोन भिन्न गोष्टी आहेत.

प्रयागराजला यमुना मिळते, मग वेगळा आकडा कशाला, असेही कोणी म्हणेल. यमुना चंबळ, बेतवा आणि केन यांचे पाणी आणते, हे खरे. पण त्या नद्यांवरही धरणे आहेत. शिवाय हिवाळी प्रवाहाचा मोठा भाग जमिनीतून झिरपणाऱ्या भूजलाचा असतो, आणि नलिकाकूपांचा अमर्याद उपसा तोच आटवतो. पाणी अनेक राज्यांतून येत असेल, तर घाटाशी ते किती उरावे, हे ठरवण्याची निकड अधिकच वाढते. आकडा नसला की उत्तरदायित्वही उरत नाही.

आकडे ठरवता येत नाहीत, असे मुळीच नाही. वाराणसीच्या खाली फरक्का येथे १९९६ च्या भारत-बांगलादेश करारानुसार १ जानेवारी ते ३१ मे या काळात दर दहा दिवसांच्या प्रवाहाचा हिशेब क्युसेकमध्ये होतो. अधिसूचनेनंतर सुमारे महिन्याभराने, १२ नोव्हेंबर २०१८ रोजी, वाराणसीच्या मालवाहू टर्मिनलचे उद्घाटन झाले; गाझीपूर ते वाराणसी या जलमार्गासाठी २.२ मीटर खोलीचे लक्ष्य ठरलेले आहे. जहाजाला खोली मिळाली, शेजारी देशाला वाटा मिळाला. नदीला मात्र काहीच नाही. आणि खोली गाळ उपसून मिळते, प्रवाह तसा मिळत नाही.

महाराष्ट्रातील वाचकांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशानुसार, १५ ऑक्टोबरला जायकवाडीतील साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल, तर नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा प्रश्न निघतो. त्यावर भांडणे होतात, न्यायालये गाठली जातात. पण भांडायला एक तारीख आणि एक आकडा तरी आहे. वाराणसीकडे दोन्ही नाहीत.

सांडपाणी शुद्ध केले की पुरे, हा समजही सोडला पाहिजे. मे-जून २०२१ मध्ये वाराणसीला गंगेचे पाणी शेवाळाने हिरवे झाले होते. पोषकद्रव्ये, ऊन आणि संथ पाणी एकत्र आले की शेवाळ फोफावते. यांपैकी पाण्याची गती कोणतेही शुद्धीकरण केंद्र देऊ शकत नाही.

कुंभाच्या स्नानपर्वांसाठी वरच्या धरणांतून जादा पाणी सोडले जाते. म्हणजे पाणी सोडणे तांत्रिकदृष्ट्या अशक्य नाही. स्नान करणाऱ्यांसाठी जी इच्छाशक्ती दिसते, ती डॉल्फिनसाठी दिसत नाही, एवढेच.

गव्हाला पाणी हवे, शहरांना हवे, विजेला हवे. या मागण्या न्याय्य आहेत. पण प्रत्येक मागणीदार आपला आकडा घेऊन बसतो आणि नदी रिकाम्या हाताने. म्हणून उन्नावच्या खालीही किमान प्रवाह ठरवावा, तो ऑक्टोबरमध्ये, जलाशयांचे हिवाळी नियोजन होतानाच जाहीर व्हावा, आणि पुराच्या पातळीसारखाच हिवाळ्यातील दैनंदिन विसर्गही सर्वांना पाहता यावा. गंगा खोऱ्यातील विसर्गाची माहिती गोपनीय वर्गात मोडते. ज्या नदीला राष्ट्रीय नदी म्हणतात, तिच्यात किती पाणी आहे हे राष्ट्रातील विद्यार्थ्याला कळू नये, यासारखी विसंगती नाही. जे मोजून लोकांपुढे मांडले जात नाही, त्याचे रक्षण करण्याची जबाबदारी कोणीच घेत नाही.