सामंजस्य करार कोणाशी?

जानेवारी २०२४ च्या ७ व ८ तारखांना चेन्नईत जागतिक गुंतवणूकदार परिषद भरली. दोन दिवसांत ६ लाख ६४ हजार कोटी रुपयांच्या गुंतवणुकीचे सामंजस्य करार झाल्याचे आणि त्यांतून प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष मिळून सुमारे २७ लाख लोकांना रोजगार मिळणार असल्याचे राज्य सरकारने जाहीर केले. आठच महिन्यांनी, ९ सप्टेंबर रोजी, त्याच चेन्नईच्या पश्चिमेस श्रीपेरुंबुदूर पट्ट्यातील सॅमसंग कारखान्याच्या कामगारांनी संप पुकारला. त्यांची पहिली मागणी पगारवाढीची नव्हती. आपल्या संघटनेची नोंदणी व्हावी आणि व्यवस्थापनाने तिच्याशी बोलावे, ही त्यांची मुख्य मागणी होती.

परिषदेतील करारांवर सरकारची सही होती आणि कंपन्यांची सही होती. ज्यांच्या श्रमांवर हा सारा हिशेब उभा आहे, त्यांची सही कोठेही नव्हती. सामंजस्य झाले ते कोणाकोणात, हा प्रश्न सॅमसंगच्या संपाने विचारला. तो केवळ तामिळनाडूपुरता नाही. नाशिक, तळेगाव, बुटीबोरी, वाळूज येथील कामगारांपुढेही तो उभा आहे. म्हणून महाराष्ट्रातील आणि महाराष्ट्राबाहेर विखुरलेल्या मराठी कॉम्रेडनी चेन्नईचा अनुभव नीट तपासून पाहिला पाहिजे.

लिलावाची सुरुवात

१९९१ नंतर परवाना पद्धत मोडीत निघाली आणि उद्योग कोठे उभारावा हे ठरविण्याचा अधिकार दिल्लीहून कंपन्यांच्या हाती गेला. तेव्हापासून राज्याराज्यांत चढाओढ सुरू झाली. फोर्डचे उदाहरण बोलके आहे. महिंद्र या मुंबईच्या कंपनीशी भागीदारी करून फोर्ड भारतात आली आणि तिची एस्कॉर्ट मोटार आरंभी नाशिकला जोडली जाई. परंतु मोठा कारखाना उभा राहिला तो चेन्नईच्या दक्षिणेस मरैमलै नगर येथे. पाठोपाठ ह्युंदाई इरुंगाट्टुकोट्टैला आली. पुढे २००५ मध्ये नोकियाशी करार झाला. कंपनीला सिपकॉटची जमीन, विशेष आर्थिक क्षेत्राचा दर्जा व विक्रीकराचा परतावा मिळाला आणि २००६ पासून श्रीपेरुंबुदूरला भ्रमणध्वनी तयार होऊ लागले.

या उद्योगांनी काहीच दिले नाही, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. देशात सर्वाधिक कारखाने आणि सर्वाधिक कारखाना कामगार आज तामिळनाडूत आहेत. देशातील कारखान्यांत राबणाऱ्या स्त्रियांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक स्त्रिया त्या एका राज्यात आहेत. कोरडवाहू गावातील शेतमजुराची मुलगी महिन्याच्या महिन्याला हाती पगार घेते, ही सामाजिक दृष्ट्या मोठी घटना आहे. पण त्या मुलीला कारखान्यापर्यंत आणले कोणी? शाळेतील दुपारच्या जेवणाने, सरकारी शाळांनी व दवाखान्यांनी, गावोगाव जाणाऱ्या एस.टी.ने आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या सामाजिक चळवळींनी. कंपन्या आल्या त्या ही तयार पुंजी पाहून. ती जनतेने उभारलेली होती. करमाफी हा त्यावरचा नजराणा होता.

नोकिया गेली तेव्हा

नजराणा देऊन आणलेला उद्योग किती काळ थांबतो, हे नोकियाने दाखविले. ऐन भरात त्या कारखान्यात सुमारे आठ हजार कामगार होते. सुटे भाग पुरविणाऱ्या शेजारच्या कारखान्यांतील हजारो निराळेच. २०१३ मध्ये आयकर खात्याने २,०८० कोटी रुपयांची मागणी केली. २०१४ मध्ये राज्याच्या विक्रीकर खात्याने २,४०० कोटींची मागणी पुढे केली. याच सुमारास नोकियाचा भ्रमणध्वनीचा जागतिक व्यवसाय मायक्रोसॉफ्टने विकत घेतला. कराच्या वादात अडकलेला चेन्नईचा कारखाना तेवढा त्या व्यवहारातून वगळला गेला. हजारो कामगारांकडून स्वेच्छानिवृत्तीचे अर्ज भरून घेण्यात आले. पंचविशीतील तरुण-तरुणींच्या निवृत्तीला ‘स्वेच्छा’ हा शब्द लावण्याचे धाडस मालकशाहीच करू शकते. १ नोव्हेंबर २०१४ रोजी उत्पादन थांबले आणि डिसेंबरमध्ये त्याच आवारातील फॉक्सकॉनचाही कारखाना बंद पडला.

करवसुलीचा प्रश्न खरा होता. राज्याचा हक्काचा पैसा राज्याने मागितलाच पाहिजे. पण न्यायालयात कंपनीची बाजू मांडायला वकील होते आणि सरकारची बाजू मांडायलाही वकील होते. ज्यांचे आयुष्य त्या वादात टांगणीला लागले होते, ते मात्र त्या वादातले पक्षकारच नव्हते. कारण मूळ करारातही ते पक्षकार नव्हते.

फोर्डचेही असेच झाले. ९ सप्टेंबर २०२१ रोजी कंपनीने भारतातील उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले आणि २०२२ च्या जुलैत मरैमलै नगरची शेवटची मोटार बाहेर पडली. कारण सांगितले ते दहा वर्षांत साचलेल्या दोन अब्ज डॉलरहून अधिक तोट्याचे. २०२४ मध्ये तीच कंपनी पुन्हा त्याच कारखान्यात निर्यातीसाठी उत्पादन करण्याचा इरादा जाहीर करते, आणि तिचे पुन्हा स्वागत होते. कंपनीला जाण्याची मुभा असते आणि परतण्याचीही असते. मधल्या काळात घराचे हप्ते थकलेल्या कामगाराला या दोहोंपैकी कोणतीच मुभा नसते.

‘संघटनांमुळे उद्योग जातात’ हा प्रचार या पार्श्वभूमीवर तपासून पाहावा. नोकिया गेली ती जागतिक बाजारातील पीछेहाट, व्यवसायाची विक्री आणि कराचा वाद यांमुळे. फोर्ड गेली ती बाजारात मागे पडल्यामुळे. उलट ह्युंदाईत कामगारांनी २००७ पासून संघटनेसाठी दीर्घ संघर्ष केला, तरी ती कंपनी चेन्नई सोडून गेली नाही. ती वाढतच गेली.

एकशे सहा वर्षांनंतरचा प्रश्न

सॅमसंगच्या कारखान्यात सुमारे अठराशे कामगार होते आणि त्यांतील बहुसंख्य ३७ दिवस संपावर राहिले. सिटूशी संलग्न असलेल्या त्यांच्या संघटनेच्या नावात ‘सॅमसंग’ हा शब्द आहे, एवढ्यावरून कंपनीने नोंदणीस हरकत घेतली. ते नाव म्हणे कंपनीच्या मालकीचे आहे. वर्षानुवर्षे ज्या कपाटांवर व यंत्रांवर कामगारांनी ते नाव स्वतःच्या हातांनी चिकटविले, ते नाव त्यांनी स्वतः मात्र लावायचे नाही! ऑक्टोबरमध्ये संघटनेला वगळून निवडक कामगारांशी समझोता झाल्याचे मंत्र्यांनी जाहीर केले. पाठोपाठ पोलिसांनी संपकऱ्यांचा मंडप काढून टाकला आणि कार्यकर्त्यांना अटक केली. तरीही संप फुटला नाही. १५ ऑक्टोबरला तो मागे घेतला गेला तो वाटाघाटीनंतर, आणि जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या मार्गाने संघटनेची नोंदणी पदरात पडली. पुढच्याच महिन्यात पदाधिकाऱ्यांच्या निलंबनाविरुद्ध कामगारांना पुन्हा ठाण मांडून बसावे लागले.

हे सारे कोठे घडले? याच शहरात २७ एप्रिल १९१८ रोजी बकिंगहॅम व कर्नाटिक गिरण्यांच्या कामगारांतून मद्रास लेबर युनियन जन्मली. गिरण्यांच्या मालक बिन्नी कंपनीने संघटनेच्या नेत्यांविरुद्ध मद्रास उच्च न्यायालयातून मनाई हुकूम मिळविला, आणि त्या प्रकरणाने उठलेल्या वादंगातून कामगार संघटनांना संरक्षण देणाऱ्या १९२६ च्या कायद्याची वाट मोकळी झाली. याच शहराच्या समुद्रकिनाऱ्यावर कॉम्रेड सिंगारवेलू यांनी १ मे १९२३ रोजी देशातील पहिला मे दिन साजरा केला. ज्या शहरातील लढ्याने तो कायदा देशाला दिला, त्याच शहराच्या वेशीवर १०६ वर्षांनी त्या कायद्याखालील साध्या नोंदणीसाठी ३७ दिवस उपाशी पोटी लढावे लागते. गुंतवणुकीची खरी किंमत ही आहे.

आणखी एक कटू सत्य नोंदविले पाहिजे. त्या वेळी राज्यात सत्तेवर असलेल्या आघाडीत डावे पक्ष घटक होते. जातीयवादी शक्तींविरुद्धच्या लढ्यात ती आघाडी आवश्यक होती आणि तिची आवश्यकता आपण नाकारत नाही. पण आघाडी म्हणजे कामगाराच्या हक्कावर पाणी सोडण्याची पावती नव्हे. एप्रिल २०२३ मध्ये त्याच सरकारने बारा तासांच्या पाळीला वाट देणारे कारखाना दुरुस्ती विधेयक विधानसभेत मंजूर करून घेतले, तेव्हा डाव्या व इतर मित्रपक्षांनी सभात्याग केला. रस्त्यावर कामगार संघटना एकवटल्या आणि मे दिनी मुख्यमंत्र्यांना ते विधेयक मागे घेत असल्याचे जाहीर करावे लागले. मित्राला वेळीच अडविणे ही मैत्रीची हानी नसते, हा त्याचा धडा आहे. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यांतील दैनिक काम नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. चेन्नईत जे परतविले गेले ते मुंबईत का परतविता आले नाही, याचा विचार आपण केला पाहिजे.

प्रकल्प ‘पळविला’ म्हणजे काय?

महाराष्ट्रात सप्टेंबर २०२२ मध्ये मोठा गहजब झाला. वेदान्त-फॉक्सकॉनचा १ लाख ५४ हजार कोटींचा प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला गेला म्हणून सर्व पक्ष एकमेकांवर तुटून पडले. आमचे लाखो रोजगार शेजाऱ्याने पळविले, असा आक्रोश झाला. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनने त्या भागीदारीतून अंग काढून घेतले. पळविले गेले ते काय, तर एक कागद!

त्याच तळेगावात जनरल मोटर्सने २०२० च्या डिसेंबरमध्ये उत्पादन बंद केले आणि पुढे कामगारांना कामावरून काढले. नंतर तो कारखाना घेतला तो चेन्नईच्याच ह्युंदाईने. व्यवहार झाला तो जमीन, इमारती व काही यंत्रांचा. माणसे त्या व्यवहारात नव्हती. प्रकल्प ‘पळविल्याचा’ शोक करणाऱ्यांपैकी किती जणांनी डोळ्यांदेखत काढून टाकलेल्या या कामगारांसाठी आवाज उठविला?

या स्पर्धेपासून आपणही सर्वस्वी अलिप्त राहिलो, असे म्हणता येणार नाही. बंगालमधील डाव्या आघाडीच्या सरकारने सिंगूरला मोटार कारखाना आणण्यासाठी जमीन संपादन केली. २००८ मध्ये तो प्रकल्प सवलतींच्या पायघड्यांवरून साणंदला गेला आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते संपादनच रद्द ठरविले. रोजगाराची निकड खरी होती. पण भांडवलाने मांडलेल्या लिलावात उतरलेले कोणतेही राज्य, मग तेथील सरकार कोणाचेही असो, शेवटी शेतकरी किंवा कामगार यांच्यापैकी कोणाला तरी बोलीवर चढविते. हे प्रांजळपणे मान्य केल्यावाचून पुढचा मार्ग दिसणार नाही.

मग उद्योग नकोत काय?

उद्योग हवेत. बेकार तरुणाला ‘कारखाना नको’ असे सांगणारा कामगारवर्गाचा मित्र नव्हे. प्रश्न आहे तो अटींचा. चेन्नईतच पेरांबूर येथे १९५५ पासून रेल्वे डब्यांचा सार्वजनिक कारखाना चालू आहे. सत्तर वर्षांत त्याने शहराला पिढ्यान्‌पिढ्या कुशल कामगार दिले आणि २०१८ मध्ये वंदे भारत गाडी त्याच कामगारांच्या हातून बाहेर पडली. तो कारखाना कोणत्याही करमाफीच्या मुदतीबरोबर उठून गेला नाही. सार्वजनिक गुंतवणूक हाच विकासाचा पक्का पाया आहे, हे यावरून दिसते.

खाजगी उद्योगाला सार्वजनिक पैसा द्यायचाच असेल, तर तो उघड्यावर आणि हिशेबाने दिला पाहिजे. प्रत्येक सामंजस्य करार विधिमंडळापुढे ठेवला जावा. सवलत ही कायम नोकऱ्यांच्या संख्येला बांधलेली असावी आणि मुदतीआधी कारखाना बंद करणाऱ्याकडून ती सव्याज वसूल व्हावी. संघटनेची नोंदणी ठरावीक मुदतीत आणि मान्यता गुप्त मतदानाने मिळावी. करारावर कामगारांचा प्रतिनिधी हा तिसरा पक्ष असावा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी कारखाना बंद करण्यास सरकारी परवानगीची अट शंभराऐवजी तीनशे कामगारांवर नेली. त्यामुळे या मागण्यांची निकड आता कितीतरी वाढली आहे.

श्रीपेरुंबुदूरजवळ वल्लम वडगाल येथे सिपकॉटने सुमारे ७०६ कोटी रुपये खर्चून १८,७२० कामगारांसाठी वसतिगृह बांधले. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याचे उद्घाटन झाले आणि ते प्रामुख्याने फॉक्सकॉनच्या कामगार स्त्रियांसाठी आहे. डिसेंबर २०२१ मध्ये वसतिगृहातील अन्नातून विषबाधा होऊन दीडशेहून अधिक मुलींना रुग्णालयात न्यावे लागले आणि त्यांच्या सहकारी मुलींनी चेन्नई-बंगळूर महामार्ग रोखून धरला, त्यानंतर या मुलींच्या राहण्या-खाण्याकडे सरकारचे व जगाचे लक्ष गेले. चांगल्या खोलीचे स्वागतच आहे. परंतु नोकरी गेली की खाटही जाते, तोवर ते घर नव्हे.

कंपनी उठून जाऊ शकते. मंत्री बदलतो. सवलतीची मुदत संपते. कारखान्याच्या दाराशी उरतो तो कामगार, कारण त्याला जायला दुसरी जागा नसते. विकास टिकावा यात ज्याचे सर्वाधिक हित आहे, तो हाच. त्याला कराराबाहेर ठेवून केलेला विकास नोकियासारखा आठ वर्षांत आवरता घेतला जातो. म्हणून पुढच्या वेळी आपल्या जिल्ह्यात गुंतवणुकीचा मोठा आकडा जाहीर होईल, तेव्हा कॉम्रेडनी शोक किंवा जल्लोष करण्यापूर्वी एकच प्रश्न सभेत, पत्रकात आणि कारखान्याच्या दारावर विचारावा : या करारावर कामगाराची सही कोठे आहे?